दहा नोंदींचा अर्ज: ठाण्यातील एका रेसिडेन्सी मार्गदर्शन केंद्राचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्या एमबीबीएस पदवीधरांना मार्गदर्शन करणारे एक केंद्र आहे. माझ्या मुलीने गेल्या हंगामात एप्रिल ते जानेवारी या काळात तिथली सेवा घेतली. मी स्वतः भूलतज्ज्ञ असून गेली चोवीस वर्षे ठाण्यात काम करते, त्यामुळे पालक म्हणून आणि डॉक्टर म्हणून अशा दोन्ही नात्यांनी मला या सेवेकडे पाहता आले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही. जे मला खटकले ते इतर दोन ठिकाणी चौकशी करतानाही थोड्याफार फरकाने ऐकू आले होते, आणि जे आवडले ते कोणत्याही केंद्राकडे हक्काने मागून घेता येण्यासारखे आहे.

पूर्ण सेवेचे शुल्क ६५,००० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आम्ही ७६,७०० रुपये भरले. त्यात अर्जातील अनुभवांच्या नोंदींचे संपादन, वैयक्तिक निवेदनाच्या तीन फेऱ्या आणि मुलाखतीचे चार सराव एवढे येते. परीक्षांचे आणि अर्जांचे शुल्क अर्थातच निराळे. बसायची जागा स्वच्छ आहे, भेटीची वेळ पाळली जाते आणि पावती लगेच मिळते. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

केंद्राच्या कामाचे मोल कळण्यासाठी तिकडची निवड कशी होते हे थोडक्यात सांगणे भाग आहे. अमेरिकेत पदव्युत्तर प्रशिक्षणाची जागा एका परीक्षेच्या गुणवत्ता यादीवरून मिळत नाही. उमेदवार निरनिराळ्या रुग्णालयांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांकडे अर्ज करतात, कार्यक्रम त्यांतील काहींना मुलाखतीला बोलावतात आणि त्यानंतर दोन्ही बाजू आपापल्या पसंतीक्रमाच्या याद्या देतात. १९५२ पासून चालत आलेल्या ‘मॅच’ या व्यवस्थेत त्या याद्या जुळवल्या जातात. आज वापरात असलेल्या जुळवणीच्या पद्धतीची फेररचना करणारे ॲल्विन रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, इतकी ती विचारपूर्वक बांधलेली आहे. परंतु जुळवणी कितीही अचूक असली, तरी मुलाखतीला कोणाला बोलवायचे आणि यादीत कोणाला वर ठेवायचे हा निर्णय शेवटी माणसेच घेतात, आणि ती माणसे अर्ज वाचून तो घेतात.

या वाचनात अलीकडे दोन मोठे बदल झाले. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या स्टेप १ या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले आणि निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागू लागला. त्यामुळे एका आकड्यावर चाळणी लावण्याची सोय कमी झाली, स्टेप २ सीके या रुग्णोपचाराच्या ज्ञानाच्या पुढच्या टप्प्यातील गुणांचे वजन वाढले आणि अर्जातील बाकीच्या मजकुराकडेही लक्ष जाऊ लागले. दुसरा बदल २०२४ च्या हंगामापासूनचा. पूर्वी उमेदवार हव्या तेवढ्या नोंदी करत असत. आता ‘इरास’ या अर्जप्रणालीत अनुभवांच्या जास्तीत जास्त दहा नोंदी करता येतात, प्रत्येक नोंदीला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यांतील तीन नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून त्यांच्याविषयी आणखी ३०० अक्षरे लिहिता येतात. संशोधन, नोकरी, अध्यापन, समाजसेवा, खेळ, छंद हे सगळे या दहांतच बसवायचे असते. आपल्याकडे ज्याला आपण अभ्यासेतर उपक्रम म्हणून बाजूला ठेवतो, ते तिथे संशोधनाच्या कामाच्या शेजारी त्याच आकाराच्या चौकटीत उभे राहते.

पहिल्या भेटीत जे घडले ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण पालकांनी सर्वाधिक सावध राहायला हवे ते याच ठिकाणी. समन्वयकाने मुलीचा बायोडेटा पाहिला आणि दहापैकी पाचच नोंदी भरता येतील, उरलेल्या पाच ‘तयार कराव्या लागतील’ असे सांगितले. त्यासाठी त्याच्याकडे एक वेगळी योजना होती: दोन शनिवार-रविवारांत वृक्षारोपण, रक्तदान शिबिरात मदत आणि एका वस्तीत आरोग्य तपासणी, प्रत्येकाची छायाचित्रे आणि एका संस्थेच्या शिक्क्याची प्रमाणपत्रे. शुल्क १८,००० रुपये. प्रमाणपत्रावर कालावधी किती लिहायचा हे ‘आपण बघून घेऊ’, असेही तो म्हणाला. हे सांगताना त्याच्या बोलण्यात कसलाही संकोच नव्हता, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. समोर बसलेली मुलगी डॉक्टर आहे, उद्या तिच्या सहीच्या कागदावर कोणाचे तरी औषधपाणी ठरणार आहे, आणि तिला नोकरीच्या उंबरठ्यावर पहिला धडा खोट्या तारखेचा दिला जात होता.

आम्ही ती योजना नाकारली. नीतीचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहाराच्या बाजूनेही ती घातक आहे, हे सांगणे मला आवश्यक वाटते. अर्ज पाठवताना उमेदवाराला सर्व माहिती खरी असल्याचे प्रमाणित करावे लागते, आणि अर्जात विसंगती आढळल्यास इरास चालवणारी असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था चौकशी करते. शिवाय मुलाखतीत अर्जातील कोणत्याही ओळीवर प्रश्न येऊ शकतो. दोन दिवसांच्या शिबिराविषयी तिसरा प्रश्न विचारला गेला की सांगण्यासारखे काही उरत नाही.

मी केंद्र सोडण्याच्या विचारात होते. मुलीनेच मला थांबवले. “आई, इथे शनिवारी दुपारी एक डॉक्टर मॅडम येतात म्हणे. त्यांना एकदा भेटून बघू,” असे ती म्हणाली. त्या मॅडम अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी पूर्ण करून, तिथे काही वर्षे काम करून ठाण्यात परतलेल्या. या केंद्राविषयी मी जे चांगले लिहीत आहे, ते जवळजवळ सगळे त्यांच्या त्या शनिवारांविषयीचे आहे.

त्यांनी बायोडेटा बाजूला ठेवला आणि मुलीला विचारले, “एमबीबीएसच्या वर्षांत तुझे रविवार कुठे जायचे?” मुलगी दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिप संपेपर्यंत, परीक्षेचे महिने वगळता, महिन्यातून दोन रविवार शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत जात असे. सकाळची कसारा लोकल पकडून आसनगावला उतरायचे आणि तिथून मिळेल त्या जीपने पुढे जायचे. सुरुवातीला तिच्या वर्गातली सहा मुले जात होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती आणि तिची एक मैत्रीण अशा दोघीच उरल्या. बायोडेटात हे सगळे ‘आदिवासी शाळेत आरोग्य शिबिरे’ एवढ्या चार शब्दांत आले होते आणि समन्वयकाने ते पाचव्या क्रमांकावर ठेवले होते.

मॅडमनी त्यावर दीड तास प्रश्न विचारले. किशोरवयीन मुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते, हे आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असते. आश्रमशाळेत गोळ्या येत होत्या, नोंदवहीत खुणाही होत होत्या, तरीही अनेक मुलींच्या पापण्यांच्या आतली बाजू पांढुरकीच दिसत होती. मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने दोन-तीन महिने मुलींशी नुसत्या गप्पा मारल्या, तेव्हा उलगडा झाला. गोळी सकाळी प्रार्थनेनंतर, उपाशीपोटी दिली जात होती. तिने मळमळत असे, म्हणून मुली ती गालात धरून ठेवत आणि मागच्या कुंपणापाशी टाकून देत. गोळी जेवणानंतर द्यावी असा मूळ कार्यक्रमातलाच संकेत आहे. अधीक्षिकाबाईंशी बोलून दिवस तोच ठेवून वेळ दुपारच्या जेवणानंतरची केली गेली, आणि शौच काळसर होते म्हणून घाबरायचे नाही, हे मोठ्या मुलींनी लहान मुलींना ठाकर बोलीत समजावले. पुढच्या तपासण्यांत किती मुलींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या वर गेले याची वही माझ्या मुलीकडे होती. ती तिने कोणाला दाखवण्यासाठी ठेवलेली नव्हती. पुढच्या खेपेला कोणाकडे लक्ष द्यायचे हे विसरू नये म्हणून ती ठेवलेली होती.

मॅडम म्हणाल्या, “हे शिबिर नाही. शिबिर एका दिवसात संपतं. तू एक अडचण शोधलीस, ती का आहे ते विचारलंस आणि ती दूर होईपर्यंत जात राहिलीस. वॉर्डात आम्हाला हेच करणारा माणूस हवा असतो.” ही नोंद मग पहिल्या तिनांत गेली. लेखन मुलीनेच केले. मॅडमनी विशेषणे काढली आणि क्रियापदे ठेवली. ७५० अक्षरे म्हणजे मध्यम आकाराचा एक परिच्छेद. त्यात गोळीची वेळ, कुंपण, वही आणि वर्षांची संख्या एवढेच मावले, आणि तेवढे पुरेसे होते.

दुसरी नोंद खो-खोची. मुलगी महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाची दोन वर्षे कर्णधार होती. खो-खो ज्याने कधी पाहिलेला नाही अशा माणसाला तो ७५० अक्षरांत कसा सांगायचा, हा खरा लेखनाचा प्रश्न होता. तिच्या पहिल्या मसुद्यात सहाशे अक्षरे नियमांवरच खर्च झाली होती: मैदानातले नऊ जण, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले आठ, पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि बसलेल्याला ‘खो’ मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मॅडमनी विचारले, “या सगळ्यात तू काय केलंस?” त्यावर मुलीने जे सांगितले ते मलाही पहिल्यांदाच कळले. नवीन आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुली सीनियर मुलींना वेळेवर खो देत नसत. धावणारी हातातून निसटते आहे हे दिसत असूनही, आपण खो दिला आणि तो चुकीचा ठरला तर सीनियर रागावेल या भीतीने त्या स्वतःच धावत राहत. सलग दोन सामने त्यामुळे गेले. मग तिने सरावात एक नियम केला की पहिली दहा मिनिटे खो फक्त ज्युनिअर मुलींनीच द्यायचा, आणि चुकीच्या खोवर कोणी काही बोलायचे नाही.

हे ऐकताना मला माझी शस्त्रक्रियागृहातली वर्षे आठवली. पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरू लागतो तेव्हा तो खोलीतल्या सर्वांना ऐकू येत असतो, आणि तरीही सर्वांत धाकटा डॉक्टर वरिष्ठाकडे पाहत गप्प उभा राहतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. रात्री तीन वाजता रजिस्ट्रारला उठवावे की नाही या विचारात इंटर्नने घालवलेला अर्धा तास रुग्णाला महागात पडतो. धाकट्याला वेळेवर बोलता यावे अशी जागा करून देणे हे कसब कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. ते माझ्या मुलीला मैदानावर आले होते आणि त्याला काही किंमत आहे हे तिला ठाऊकच नव्हते. अर्जातल्या नोंदीत खेळाविषयी एकच वाक्य राहिले. बाकी सगळे त्या दहा मिनिटांविषयी होते.

रेसिडेन्सीच्या निवडीत खेळाला वजन द्यावे की नाही यावर तिकडे अभ्यासही झाले आहेत. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कान-नाक-घसा विभागाने २०१२ मध्ये आपल्या माजी निवासी डॉक्टरांचे मूळ अर्ज आणि त्यांच्याविषयी प्राध्यापकांनी पुढे दिलेला अभिप्राय ताडून पाहिला, तेव्हा सांघिक खेळात प्रावीण्य मिळवलेले निवासी डॉक्टर वरचढ ठरलेले दिसले. अर्थात तो एकाच विभागातल्या काही डझन माणसांचा अभ्यास आहे, आणि त्यावरून आपल्या मुलांना घाईने बॅडमिंटनच्या वर्गाला घालण्याचे कारण नाही. एक वर्षाच्या खेळाने काही सिद्ध होत नाही. प्रावीण्य याचा अर्थ अनेक वर्षे पहाटे उठणे, हरणे आणि तरीही संघात राहणे असा आहे, आणि मला वाटते अर्ज वाचणारा नेमके तेच शोधत असतो.

मुलीच्या अर्जात शेवटी सात नोंदी झाल्या. दहापर्यंत देता येतात, दहा द्याव्याच लागतात असे कुठेही लिहिलेले नाही. समन्वयकाला हे पटत नव्हते. मॅडमनी मात्र ते ठामपणे सांगितले.

एका शनिवारी बाहेरच्या खोलीत बसलो असता एक मुलगा भेटला. तो डोंबिवलीचा होता. वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यापासून तो संध्याकाळी घरचे मेडिकल स्टोअर सांभाळत एमबीबीएस झालेला होता. माझ्याकडे अर्जात लिहिण्यासारखे काहीच नाही, कॉलेजच्या कुठल्याच उपक्रमात मला भाग घेता आला नाही, असे तो खालच्या आवाजात मुलीला सांगत होता. त्यालाही ती प्रमाणपत्रांची योजना सुचवली गेली होती आणि त्याने निम्मे पैसे भरले होते. मुलीने त्याला मॅडमकडे नेले. इरासमध्ये कामाचा अनुभव हा नोंदीचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि वाटेत आलेल्या कठीण परिस्थितीविषयी लिहिण्यासाठी ७५० अक्षरांची एक निराळी, ऐच्छिक जागाही आहे, हे त्याला तोपर्यंत कोणी सांगितलेलेच नव्हते. चार वर्षे काउंटरवर उभे राहून, महिन्याच्या अखेरीस रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धीच पट्टी मागणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे त्याला वाटावे, याला मी या सेवेतला सर्वांत मोठा दोष समजते. अभ्यासेतर उपक्रम म्हणजे फुरसत असलेल्या घरांतल्या मुलांची यादी, असा समज अशा केंद्रांमुळे पक्का होतो.

इथे मला आपल्या पद्धतीविषयीही लिहायला हवे, कारण घरी या विषयावर आमचे बरेच बोलणे झाले. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजीत दोनशे प्रश्न, आठशे गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला उणे एक. शहापूरचे रविवार त्यात कुठेच येत नाहीत. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात प्रवेशानंतरच्या पायाभूत वर्गाच्या १७५ तासांपैकी २२ तास खेळ आणि अभ्यासेतर उपक्रमांना दिले गेले, म्हणजे त्यांचे महत्त्व आपल्या नियामकांनाही मान्य आहे. पण साडेपाच वर्षांनंतर विशेषज्ञ निवडताना त्याची कोणी चौकशी करत नाही. दुर्गम भागात काम केलेल्या सरकारी डॉक्टरांना प्रत्येक वर्षाला दहा टक्के, कमाल तीस टक्के, असे वाढीव गुण देण्याची तरतूद २००० च्या नियमावलीत पुढे आली. परीक्षेबाहेरच्या कामाला आपल्याकडे गुणांत स्थान मिळाल्याचे मला आठवणारे ठळक उदाहरण तेवढेच.

तरीही आपण तिकडची पद्धत जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. आपल्या पिढीने तोंडी परीक्षेतले आणि मुलाखतीतले गुण कोणाच्या ओळखीने कसे वर-खाली होतात हे पाहिले आहे. वशिल्याला जिथे जागा मिळते तिथे ज्याच्या मागे कोणी नाही तो पहिला बाहेर पडतो, आणि म्हणून आपण आकड्यावर विश्वास ठेवायचे ठरवले. शहापूरच्याच आश्रमशाळेतली एखादी मुलगी उद्या डॉक्टर झाली, तर तिच्या बाजूने उभा राहणारा तो आकडाच असेल. अमेरिकेचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत निष्कलंक नाही. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादा नामंजूर झाल्यानंतर काही वर्षांतच प्रवेशासाठी ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व पाहिले जाऊ लागले आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या त्या मार्गाने घटवली गेली. गुणांपलीकडचे माणूसपण पाहण्याची इच्छा चांगली असली, तरी ती ज्याच्या हाती जाते त्याच्यावर सगळे अवलंबून असते. दहा नोंदींची आणि ७५० अक्षरांची मर्यादा मला म्हणूनच योग्य वाटते. त्यामुळे पन्नास उपक्रमांची जंत्री देणारा आणि तीनच गोष्टी मनापासून करणारा, हे दोघे निदान एका ओळीत उभे राहतात.

आणि एक गोष्ट पालकांनी गाठीला बांधावी. उपक्रम कितीही चांगले असले, तरी ते कमी गुण झाकत नाहीत. परदेशातून पदवी घेतलेल्या उमेदवारासाठी स्टेप २ सीकेचे गुण, पदवीनंतर लोटलेली वर्षे, अमेरिकेतल्या रुग्णालयात घेतलेला प्रत्यक्ष अनुभव, तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे आणि व्हिसाची गरज या गोष्टी आधी पाहिल्या जातात. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकन एमडी महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांत हे प्रमाण ५८.५ टक्के होते. केंद्राच्या माहितीपत्रकात यांपैकी एकही आकडा नाही. तो पहिल्याच भेटीत सांगितला गेला पाहिजे, कारण त्या आकड्यावर घरातली साठवण पणाला लागते.

वैयक्तिक निवेदनाच्या संपादनाविषयी मी समाधानी नाही. ते काम मॅडमकडे नसून दुसऱ्या एका संपादकाकडे होते. परत आलेल्या मसुद्यात मुलीचे इंग्रजी अधिक सफाईदार झाले होते, पण आजीच्या आजारपणाचा एक प्रसंग घातलेला होता, जो आमच्या घरी घडलेलाच नाही. विचारल्यावर, अशी सुरुवात परिणामकारक ठरते असे उत्तर मिळाले. आम्ही तो परिच्छेद काढला आणि उरलेल्या दोन फेऱ्या वापरल्या नाहीत.

मुलाखतीचे सराव मात्र उत्तम झाले. महासाथीपासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होतात आणि वेळेच्या फरकामुळे आपल्याकडे त्या संध्याकाळी उशिरा किंवा रात्री येतात, म्हणून दोन सराव रात्री साडेनऊला ठेवले होते. मॅडम पाठ केलेले उत्तर चटकन ओळखतात. मुलीने ‘मला सेवेची आवड आहे’ असे म्हणताच त्यांनी तिला थांबवले आणि अधीक्षिकाबाईंशी पहिल्यांदा बोललीस तेव्हा त्या काय म्हणाल्या, ते सांगायला लावले.

तिला सहा मुलाखती आल्या. त्यांपैकी चार ठिकाणी आश्रमशाळेवर आणि दोन ठिकाणी खो-खोवर बोलणे झाले. शोधनिबंधाविषयी एकाच ठिकाणी विचारले गेले. एका प्रोग्राम डायरेक्टरांनी गोळीची हकीकत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले की तुम्ही आता तिथे जात नाही, मग हे काम कोण करते. हा प्रश्न सरावात कधीच आला नव्हता. मुलीकडे उत्तर होते, कारण इंटर्नशिपच्या शेवटच्या सहा महिन्यांत तिने तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना बरोबर न्यायला सुरुवात केली होती आणि निघताना ती वही त्यांच्या हाती दिली होती. त्या मुली अजून जातात. पुढच्या दहा मिनिटांत त्या दोघींविषयीच बोलणे झाले, असे ती मला रात्री बारा वाजता स्वयंपाकघरात चहा घेताना सांगत होती.

मार्चमधल्या मॅचच्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी जागा मिळाल्याचे कळले आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला ठिकाण कळले. तो कार्यक्रम याच प्रोग्राम डायरेक्टरांचा होता. त्या एका प्रश्नामुळे जागा मिळाली असे मी म्हणणार नाही. तिचे स्टेप २ सीकेचे गुण चांगले होते आणि दोन शिफारसपत्रे भक्कम होती.

केंद्राला मी पाचपैकी तीन गुण देते, आणि ते तिन्ही शनिवार दुपारचे आहेत. कोणाला तिथे जायचे असेल तर नोंदणी करतानाच नोंदींचे काम आणि मुलाखतीचे सराव डॉक्टर मॅडमकडेच हवेत असे लेखी मागून घ्यावे. पूर्ण सेवा न घेता एवढ्याच भेटी वेगळ्या घेता येतात. त्यांचे शुल्क त्या वेळी भेटीला ३,५०० रुपये होते, आणि आम्हाला ते पैसे भरून झाल्यावर कळले. प्रमाणपत्रांची योजना सुचवली गेल्यास स्पष्ट नकार द्यावा. आम्ही व्यवस्थापनाला त्याविषयी लेखी कळवले आहे आणि उत्तर अजून आलेले नाही. डोंबिवलीच्या त्या मुलाला त्याचे निम्मे पैसे मात्र परत मिळाले. तो या सप्टेंबरमध्ये अर्ज करतो आहे आणि त्याच्या पहिल्या तीन नोंदींत मेडिकल स्टोअर आहे.